वैयक्तिक व्यायाम प्रशिक्षक : ग्रामीण विदर्भ

एखाद्याचे वय, दुखणी, कामधंदा आणि उद्दिष्ट पाहून त्याच्यापुरता व्यायाम आखून देणारा, आणि तो व्यायाम चालू असताना समोर उभा राहून चूक तिथल्या तिथे सुधारणारा जाणकार म्हणजे वैयक्तिक व्यायाम प्रशिक्षक. शहरात त्याला पर्सनल ट्रेनर म्हणतात आणि जिमच्या वर्गणीखेरीज त्याचे वेगळे पैसे मोजतात. विदर्भातल्या खेड्यांत हा शब्द क्वचितच कानावर पडतो. भरतीची तयारी करणारी मुले त्याला ‘सर’ म्हणतात, जुनी माणसे ‘उस्ताद’, तर बाया ‘भाऊ’ किंवा ‘ताई’. एका माणसाला एक प्रशिक्षक अशी चैन इथे नसते. एका सरांकडे दहा-पंधरा जण असतात. तरी कोणाचा गुडघा दुखतो, कोणाचा दम लवकर तुटतो आणि कोण सकाळी उपाशी पोटी आला आहे, हे त्यांना ठाऊक असते. त्या अर्थाने तो वैयक्तिकच.

ही कल्पना विदर्भाला नवी नाही. अमरावतीत १९१४ साली वैद्य बंधूंनी सुरू केलेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने तालमीतल्या उस्तादाच्या विद्येला शिस्तबद्ध शिक्षणाचे रूप दिले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या मंडळाच्या पथकाने कबड्डीसह भारतीय खेळांची प्रात्यक्षिके तिथे करून दाखवली होती. मोझरीच्या गुरुकुंजातून राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी प्रार्थनेइतकाच व्यायामाचाही आग्रह धरला. जोर, बैठका, मुद्गल, मल्लखांब हे सगळे उस्तादाच्या नजरेखालीच शिकायचे, असा रिवाज होता. पुढे गावोगावच्या व्यायामशाळा ओस पडल्या आणि अलीकडे सरकारी योजनांतून खुल्या व्यायामशाळा आल्या. ग्रामपंचायतीसमोर निळ्या-पिवळ्या रंगाची यंत्रे उभी राहिली. ती कशी वापरायची हे सांगणारा माणूस मात्र योजनेत बसला नाही. बऱ्याच गावांत त्या दांड्यांवर आज गोधड्या वाळत असतात.

प्रशिक्षकाचा उपयोग सर्वांत स्पष्ट दिसतो तो भरतीच्या मैदानावर. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीची मैदानी चाचणी ५० गुणांची असते. मुलांसाठी १,६०० मीटर धाव २० गुणांची, १०० मीटर धाव १५ आणि गोळाफेक १५ गुणांची. मुलींना लांब धाव ८०० मीटरची. निम्मे गुण पडल्याशिवाय लेखी परीक्षेचे दार उघडत नाही. सैन्याच्या अग्निवीर भरतीत १.६ किलोमीटर धावेबरोबर पुलअप्सही मोजतात. १० मारले तर त्याचे ४० गुण. ज्याच्या घरी तीन एकर कोरडवाहू शेती आणि दोन भाऊ आहेत, त्याच्या दृष्टीने हे आकडे म्हणजे आयुष्याचा हिशेब असतो.

जिल्हा परिषद शाळेच्या मैदानावर चुन्याने २०० मीटरची फेरी आखलेली असते. पहाटे पाचला मोबाइलच्या उजेडात मुले बुटांच्या नाड्या बांधतात. १,६०० मीटर म्हणजे अशा आठ फेऱ्या. पूर्ण गुणांसाठी ५ मिनिटे १० सेकंदांत यायचे, म्हणजे दर फेरीला ३९ सेकंदांहून थोडे कमी. नवा मुलगा पहिली फेरी ३२ सेकंदांत मारतो, दुसरी ३५ मध्ये आणि पाचव्या फेरीत कमरेवर हात ठेवून चालू लागतो. त्याची समजूत अशी की आपला दमच कमी आहे. सर स्टॉपवॉच दाखवतात, ‘अबे, पयल्याच फेरीत काहून इतका पयतं?’ मग पुढचे दोन आठवडे त्याला एकच काम : फेरी ३८ च्या आधी संपवायची नाही. मुलाला हे अपमानासारखे वाटते. हळू पळण्यासाठी सर कशाला पाहिजेत, असेही तो म्हणून जातो. पण महिन्याभरात तोच मुलगा आठही फेऱ्या जवळपास एका चालीने काढतो. दम तोच होता, तो खर्च करण्याची रीत बदलली. हे स्वतःचे स्वतःला कळणे कठीण, कारण पळणाऱ्याला फक्त आपली छाती ऐकू येते, घड्याळ दिसत नाही.

वजनाच्या व्यायामातही हेच. नवशिक्या एकटा असला की बहुधा गरजेपेक्षा हलके वजन घेतो, आणि मित्र पाहत असले की झेपेल त्यापेक्षा जड. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात काही प्रमाणात तयार असलेल्या पुरुषांनी १२ आठवडे एकसारखाच व्यायाम केला; ज्यांच्यावर प्रशिक्षकाची नजर होती, त्यांची ताकद अधिक वाढली, कारण त्यांनी वजन वेळच्या वेळी चढवत नेले. क्रमाक्रमाने भार वाढवणे हा ताकदीच्या व्यायामाचा पाया आहे. सुरुवातीच्या काही आठवड्यांत वाढणारी ताकद बरीचशी मज्जासंस्थेच्या सरावाची असते, स्नायू नंतर भरतात. आरशात फरक दिसत नाही म्हणून याच काळात लोक व्यायाम सोडतात. ‘गेल्या महिन्यात दोन पुलअप्स होत होते, आता पाच होतात’ हे वहीतून दाखवणारा कोणी असला तर माणूस टिकतो. शिवाय खेड्यात दांडी मारणे सोपे नसते. सकाळी मैदानावर न आलेल्याची चौकशी नऊ वाजता चहाच्या टपरीवर होते.

‘दिवसभर वावरात राबतो, आणखी व्यायाम कशाला?’ हा प्रश्न प्रत्येक गावात ऐकू येतो आणि तो अडाणीपणाचा नाही. मेहनत खरीच असते. मात्र ती एकाच ठरावीक पद्धतीची असते. कापूस वेचताना, सोयाबीन सोंगताना, निंदताना कंबर तासन्तास वाकलेली. फवारणीचा भरलेला पंप पाठीवर. गाठोडे नेहमी त्याच खांद्यावर. त्यातून काही स्नायू घासून निघतात, काहींना वर्षभर काम मिळत नाही. शिवाय कामाला हंगाम असतो आणि आता बरेचसे ट्रॅक्टर आणि मोटारसायकल करते. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची आहे, सोबत किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम. पहिला भाग शेतकरी हंगामात सहज भरून काढतो. दुसऱ्यासाठी जाणकाराची गरज पडते : पाण्याची बादली उचलताना गुडघ्यांतून वाकून कंबर सरळ कशी ठेवायची, पाठ आणि कुल्ले बळकट करणारे हलके व्यायाम कोणते, साठीच्या बाईने खाटेवरून हात न टेकता दहा वेळा कसे उठावे. तिशीनंतर स्नायू दर दशकाला साधारण ३ ते ८ टक्के घटतात, त्यामुळे शेवटचा व्यायाम दिसतो तितका किरकोळ नाही.

पूर्व विदर्भात प्रशिक्षकाच्या जाणतेपणाला आणखी एक बाजू आहे. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर या पट्ट्यात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे प्रमाण लक्षणीय आहे. आजार असलेल्यांची काळजी डॉक्टरच घेतात. प्रश्न असतो तो वाहकांचा, म्हणजे ज्यांना हा दोष आई-वडिलांपैकी एकाकडूनच मिळालेला असतो त्यांचा. वाहक एरवी ठणठणीत असतो आणि बहुतेक व्यायाम बिनधास्त करू शकतो. पण कडक ऊन, शरीरातले पाणी कमी झालेले आणि न थांबता जीव तोडून पळणे हे तिन्ही एकत्र आले, तर त्याचे स्नायू फुटू शकतात आणि तो कोसळू शकतो. सोल्युबिलिटी चाचणी ही रक्ताची प्राथमिक तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात होते आणि ती वाहक असण्याची शक्यता दाखवते. पक्के निदान पुढच्या तपासणीतून होते. चांगला प्रशिक्षक ही गोष्ट पहिल्याच दिवशी विचारतो, वाहक मुलाला वगळत नाही, त्याला मध्ये थांबायला आणि पाणी प्यायला लावतो. स्नायू फुटण्याचा धोका इतरांनाही आहेच. पहिल्याच दिवशी हौसेने किंवा शिक्षा म्हणून शेकडो बैठका मारल्यावर लघवी चहाच्या रंगाची झाली, तर तो मर्दुमकीचा पुरावा नसून तातडीने दवाखान्यात जाण्याची खूण आहे.

मुलींच्या बाबतीत लाभाचे स्वरूप वेगळे. पहाटे एकटी मुलगी डांबरी रस्त्यावर ट्रॅकपँट घालून पळू लागली की चर्चा आधी होते, धाव नंतर. सर किंवा ताईंचा गट असला तर घरचे परवानगी देतात. शरीरशास्त्राच्या पुस्तकात हा फायदा सापडणार नाही, पण कित्येक मुली मैदानापर्यंत पोहोचतात त्या यामुळेच. पाळीत रक्त जास्त जाते का, थकवा कशाने येतो, हिमोग्लोबिन तपासले आहे का, हे विचारायला ताई असली तर गोष्ट लवकर उघड होते.

आहाराबाबत बरे प्रशिक्षक डबाबंद पावडरीच्या आधी घरातल्याच गोष्टींकडे बोट दाखवतात : ज्वारीची भाकर, तुरीचे घट्ट वरण, भिजवलेले हरभरे, शेंगदाणे, जवसाची चटणी, चालत असेल तर अंडी. सगळेच असे करत नाहीत. भारतात व्यायाम प्रशिक्षक होण्यासाठी परवाना बंधनकारक नाही. बीपीएड (शारीरिक शिक्षणाची पदवी) किंवा पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका असलेला प्रशिक्षक तालुक्याला मिळून जातो, पण मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून ‘अकॅडमी’ उघडणाराही मिळतो. निवड झालेल्या मुलांचे फोटो फलकावर असतात. गुडघा धरून घरी बसलेल्यांचे नसतात. उलट, भिंतीवर पदवी टांगलेली असली म्हणजे नजर तयार असतेच असेही नाही. पारख साधी आहे : व्यायाम सुरू करण्याआधी तो जुनी दुखापत विचारतो का, आणि व्यायाम चालू असताना मोबाइल पाहतो की माणूस. पावडर किंवा इंजेक्शन विकणाऱ्यापासून दूर राहिलेलेच बरे.

फी महिन्याची ठरलेली असली तरी अनेकदा सोयाबीन किंवा कापूस विकल्यावर एकदम पोहोचते, आणि सरावाचे वेळापत्रकही पिकाच्या मागे चालते. सोंगणीच्या दिवसांत अर्धे मैदान रिकामे. जी मुले येतात त्यांना सर फक्त अंग ताणण्याचे व्यायाम आणि हलकी धाव देतात, कारण अंग आधीच वावरात मोडलेले असते. खरी मेहनत थंडीत. मार्च सरला की पारा चढतो, चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे तो ४५ अंशांच्या पुढे जातो. मग सहाचा सराव पाचवर आणि पाचचा साडेचारवर सरकतो. सात वाजता मैदानावर फक्त चुन्याची रेघ उरलेली असते.