आर्थर मॉर्गन: धरणांच्या वसाहतीतून ग्रामीण विद्यापीठाकडे

गारगोटी आणि अमरावती इथल्या ग्रामीण उच्चशिक्षण संस्थांचा इतिहास सांगताना ग्रामीण उच्चशिक्षणावरच्या श्रीमाली समितीचा उल्लेख होतो, त्याआधीच्या राधाकृष्णन आयोगाचाही, म्हणजे विद्यापीठ शिक्षण आयोगाचाही होतो. पण त्या आयोगाच्या १९४९ च्या अहवालातल्या ग्रामीण विद्यापीठांवरच्या प्रकरणावर ज्यांच्या विचारांचा ठसा सर्वांत ठळक आहे, ते आर्थर अर्नेस्ट मॉर्गन बहुतेकदा राहून जातात. मॉर्गन अमेरिकेतले धरणे बांधणारे अभियंते. सोळा वर्षे ते एका कॉलेजचे अध्यक्ष होते. स्वतःजवळ मात्र कुठल्याच कॉलेजची पदवी नव्हती.

जन्म १८७८ चा, ओहायो राज्यातल्या सिनसिनाटीजवळ. बालपण मिनेसोटातल्या सेंट क्लाउडमध्ये गेले. वडील जमिनीची मोजणी करत. कोलोरॅडोत कॉलेजात नाव घातले, पण ते शिक्षण काही आठवड्यांतच सुटले. मग ते घरी परतले आणि वडिलांच्या हाताखाली मोजणी शिकले. दलदलीतले पाणी काढून जमीन लागवडीखाली आणायची कामे त्यांच्याकडे येऊ लागली. १९०५ साली मिनेसोटाच्या जलनिःसारण कायद्याचा मसुदा त्यांनीच केला.

त्यांचे नाव झाले ते ओहायोतल्या डेटन शहराच्या पुरानंतर. मार्च १९१३ मध्ये ग्रेट मायामी नदीच्या खोऱ्यात साडेतीनशेहून अधिक माणसे गेली. लोक पोटमाळ्यांवर चढून जीव वाचवत होते. पाणी ओसरल्यावर गावाने वर्गणी काढली आणि वीस लाख डॉलरहून जास्त रक्कम जमवली. काम मॉर्गन यांच्याकडे आले. त्यांनी सुचवलेला उपाय तेव्हा अनेकांना पटेना: पाच मातीची धरणे, आणि एकालाही दरवाजा नाही. तळाशी काँक्रीटचे ठराविक मापाचे बोगदे. नदी रोजच्यासारखी त्यांतून वाहत राहते. पूर आला की बोगद्यांत मावेल तेवढेच पाणी पुढे जाते, बाकीचे मागच्या शेतांत पसरते आणि काही दिवसांत आपोआप ओसरते. एरवी तिथे शेती चालते. मध्यरात्री कुणी धावत जाऊन काही उघडायचे-मिटायचे नाही, म्हणजे चुकायलाही कुणी नाही. १९१३ च्या पुराहून ४० टक्के जास्त पाणी धरून आखणी केली होती. पूर्व अमेरिकेतल्या मोठ्या वादळांच्या नोंदी तपासून हे माप ठरले. काम १९२२ साली पुरे झाले आणि ही धरणे आजही डेटनला राखत आहेत.

मला मात्र या धरणांइतक्याच त्यांच्या पायथ्याशी वसवलेल्या वसाहती महत्त्वाच्या वाटतात. बांधकामाच्या जागी तेव्हा मजुरांसाठी कच्च्या बराकी असत. मॉर्गन यांनी कुटुंबांसाठी घरे बांधली, शुद्ध पाण्याची सोय केली, मुलांसाठी शाळा काढल्या. काम करणारा माणूस कामाच्या जागीच घडतो, ही त्यांची धारणा होती. पुढचे सगळे आयुष्य त्यांनी तीच निरनिराळ्या ठिकाणी करून पाहिली.

जवळच यलो स्प्रिंग्जला अँटिऑक कॉलेज होते. होरेस मान तिथले पहिले अध्यक्ष. १९१९ साली मॉर्गन विश्वस्त झाले तेव्हा ते बंद पडायच्या बेतात होते. १९२० मध्ये ते अध्यक्ष झाले आणि पुढच्याच वर्षी नवी पद्धत सुरू केली: काही आठवडे वर्ग, काही आठवडे बाहेर खरी नोकरी. एका नोकरीला दोन विद्यार्थी. एक कामावर असताना दुसरा वर्गात. ही युक्ती १९०६ मध्ये सिनसिनाटीत हर्मन श्नायडर यांनी काढली होती, पण ती अभियांत्रिकीच्या मुलांसाठी. मॉर्गन यांनी ती साहित्य आणि तत्त्वज्ञान शिकणाऱ्यांनाही लावली. कॉलेज तगले, नावारूपाला आले.

१९३३ साली अध्यक्ष रूझवेल्ट यांनी त्यांना टेनेसी व्हॅली ऑथॉरिटीचे, म्हणजे टेनेसी नदीच्या खोऱ्यात धरणे आणि वीज उभारणाऱ्या सरकारी संस्थेचे, पहिले अध्यक्ष नेमले. नॉरिस धरणाबरोबर त्यांनी नॉरिस गावही वसवले. पण सहकारी संचालक डेव्हिड लिलिएंथाल यांच्याशी वीज कंपन्यांबाबतच्या धोरणावरून बिनसले. मॉर्गन यांनी सहकाऱ्यांवर अप्रामाणिकपणाचे आरोप केले, आणि खुद्द रूझवेल्ट यांनी पुरावा मागितला तेव्हा तो द्यायला नकार दिला. मार्च १९३८ मध्ये त्यांना काढले गेले. या प्रकरणात चूक त्यांचीच होती असे मला वाटते. आपली सचोटी स्वयंसिद्ध आहे असे मानणारा माणूस इतरांना आपले म्हणणे पटवून द्यायचे विसरतो.

सत्तरीत ते राधाकृष्णन आयोगाचे सदस्य म्हणून भारतात आले. आयोगाचे दुसरे एक सदस्य होते भौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहा. दामोदरच्या पुरावर टेनेसीसारखी योजना हवी असा आग्रह त्यांनी धरला होता आणि दामोदर खोरे महामंडळ नुकतेच, १९४८ साली, उभे राहिले होते. त्याच टेनेसीकडून मॉर्गन यांनी इथे आणला तो धरणाचा नव्हे, गावाचा विचार: मध्यभागी विद्यापीठाच्या सोयी, भोवती लहान निवासी महाविद्यालयांचे कडे, आणि अभ्यासाच्या बरोबरीने शेतावरचे, कारखान्यातले काम. गांधीजींच्या नई तालीमचा, म्हणजे हाताच्या कामातून शिक्षणाचा, आराखडा करणारे झाकिर हुसेन त्याच आयोगावर होते, त्यामुळे नई तालीमशी या विचाराची सांगड सहज बसली. १९५६ पासून ज्या ग्रामीण संस्था निघाल्या, त्यांत ही आखणी पुष्कळ आटोपशीर होऊन उतरली.

ऐंशीच्या घरात असताना ते एका धरणाच्या विरोधात उभे राहिले. पेनसिल्व्हेनियातल्या किंझुआ धरणात सेनेका या तिथल्या मूलनिवासी लोकांची, १७९४ च्या कराराने राखलेली जमीन बुडणार होती. मॉर्गन यांनी पाणी दुसरीकडे वळवण्याचा पर्यायी आराखडा तयार केला आणि त्यासाठी साक्षी दिल्या. लष्कराच्या अभियंत्यांनी तो मानला नाही. १९६५ मध्ये धरण पुरे झाले. मॉर्गन त्यानंतर दहा वर्षे जगले.