आधी म्हणाले आजारच नाही, मग म्हणाले उपचारच नाही

गरीब देशांत मानसिक आरोग्यसेवा पोहोचवण्याची भाषा अलीकडची वाटते, पण तिच्या पोटात जुनी गृहीतकं आहेत.

1953 साली जागतिक आरोग्य संघटनेने आफ्रिकी मनाविषयी एक पुस्तिका काढली. लेखक जे. सी. कॅरोदर्स हे नैरोबीच्या माथारी मनोरुग्णालयाचे माजी प्रमुख. आफ्रिकी लोकांत डिप्रेशन फारसं आढळत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. भिस्त बरीचशी रुग्णालयात दाखल झालेल्यांवर. घरात गप्प बसून झुरणारी बाई त्या नोंदींत येणार कशी?

पुढच्याच वर्षी नायजेरियात आबेओकुटाजवळ आरो इथे तिथलेच मनोविकारतज्ज्ञ डॉ. लॅम्बो यांनी वेगळीच घडी बसवली. रुग्णाने शेजारच्या खेड्यात शेतकऱ्याकडे खोली घेऊन राहायचं, सोबत घरचं एक माणूस हवंच. औषधोपचारांसाठी रुग्णालयात जायचं, उरलेला दिवस गावात काढायचा. गावातल्या पारंपरिक वैद्यांनाही त्यांनी हाताशी धरलं. पुढे लॅम्बो जागतिक आरोग्य संघटनेचे उपमहासंचालक झाले, पण नंतरच्या मोठ्या आराखड्यांत आरोचं नाव शोधावंच लागतं.

1980 च्या सुमारास अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ आणि मानववंशशास्त्रज्ञ आर्थर क्लाइनमन चीनमधल्या हूनान प्रांतात गेले. तिथे ‘नसांचा अशक्तपणा’ हे निदान सर्रास होई. अशा 100 रुग्णांना त्यांनी अमेरिकी निकष लावले, तर 87 जण तीव्र डिप्रेशनमध्ये बसले. रुग्ण मात्र डोकेदुखी, निद्रानाश आणि थकव्याबद्दल बोलत होते. एका समाजात घडवलेला साचा दुसऱ्यावर ठेवला की काहीतरी बसतंच, पण तेवढ्याने तो साचा तिथला ठरत नाही, हा इशारा क्लाइनमन यांनी 1977 मध्येच दिला होता.

1990 च्या दशकात आजारांच्या ओझ्याचं मोजमाप बदललं. मृत्यूंबरोबरच आजारपणाने वाया गेलेली वर्षं धरली जाऊ लागली आणि डिप्रेशन एकदम वरच्या क्रमांकांवर आलं. 2007 मध्ये ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकाची जागतिक मानसिक आरोग्यावर लेखमाला आली, 2008 मध्ये त्याच विषयावर जागतिक आरोग्य संघटनेचा कृती कार्यक्रम. गरीब देशांत गंभीर मानसिक आजार असलेल्या 76 ते 85 टक्के लोकांना वर्षभरात कसलाच उपचार मिळत नाही, हा आकडा तेव्हापासून सगळीकडे फिरतो. आकड्यामागची कळकळ खरी आहे. साखळदंडाने बांधून ठेवलेल्या माणसापुढे संस्कृतीची चर्चा करणं निलाजरेपणाचं होईल. पण उपचार म्हणजे नेमकं काय, हे त्या आकड्यात आधीच ठरलेलं असतं. शिवाय कर्ज, भूक, मारहाण यांनी खचलेल्या माणसाचं दुःख त्याच्या डोक्यातच शोधायचं का, हा ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ डेरेक समरफिल्ड यांच्यासारख्या टीकाकारांचा आक्षेप अजून मिटलेला नाही.

झिम्बाब्वेत शोना भाषेत एक शब्द आहे, ‘कुफुंगिसिसा’. विचार करून करून डोकं शिणणं. तिथल्या संशोधकांनी प्रश्नावलीच लोकांच्या अशा बोलण्यातून बांधली. 2006 मध्ये हरारेत मनोविकारतज्ज्ञ डॉ. डिक्सन चिबांडा यांनी दवाखान्याच्या आवारात बाक टाकला आणि प्रशिक्षण दिलेल्या आज्या त्यावर बसून येणाऱ्याचं ऐकू लागल्या. बाकाचं पहिलं नाव होतं ‘मानसिक आरोग्य बाक’. या नावाच्या बाकावर कुणी बसणार नाही, असं आज्यांनीच डॉक्टरांना सुनावलं. मग तो ‘मैत्रीचा बाक’ झाला, आणि पुढे न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरही तसे बाक आले.