मूळचा रंग आणि त्या काळचा रंग

कुडाळच्या एका रंगकामाच्या शेडमध्ये गेल्या हिवाळ्यात एकाच बाकावर दोन टाक्या शेजारी शेजारी ठेवल्या होत्या. दोन्ही राजदूत जीटीएस १७५ च्या, म्हणजे आपल्याकडे सगळे जिला ‘बॉबी’ म्हणतात त्या छोट्या गाडीच्या. १९७३ च्या ‘बॉबी’ चित्रपटात ती दिसली आणि तेच नाव तिला कायमचं चिकटलं. एक टाकी लाल, चेहरा दिसावा इतकी चकचकीत. दुसरी निळी, विटलेली, कडांना पोपडे धरलेली. लाल टाकीचा मालक म्हणाला, “आपली एकदम ओरिजिनल.” निळी टाकी माझी. माझ्याही तोंडात तोच शब्द होता.

शेडमधल्या रंगाऱ्याने दोन्ही टाक्यांवरून अंगठा फिरवला आणि शांतपणे सांगितलं, “दादा, दोन्ही ओरिजिनल न्हय.” त्या एका वाक्यामुळे मला ‘मूळचं’ आणि ‘काळाला धरून केलेलं’ यांतला फरक नीट शिकावा लागला.

मूळचं म्हणजे कारखान्यातून निघताना जे त्याच गाडीवर होतं आणि आजही तिच्यावर आहे ते. काळाला धरून केलेलं म्हणजे आज केलेलं काम, पण त्या वर्षी त्या कारखान्यात जसं झालं असतं तसं: तीच छटा, तसाच चमकेचा पोत, त्याच जातीचा नटबोल्ट. मूळचं ही त्या एका गाडीच्या अंगावरची गोष्ट आहे. काळाला धरून केलेलं ही आपल्या अभ्यासाची आणि हाताची गोष्ट आहे. मूळचा रंग कोणाला नव्याने देता येत नाही, तो राहतो किंवा जातो. काळाला धरून दिलेला रंग बिघडला तर पुन्हा देता येतो, चारदासुद्धा. बाजारात मात्र दोन्हींना एकच ‘ओरिजिनल’ लावतात. मग विकणारा अभ्यासाची किंमत सांगतो आणि घेणाऱ्याला वाटतं, आपण इतिहास विकत घेतोय.

बॉबीच्या बाबतीत हा घोटाळा जास्त होतो, त्याला कारण तिची घडण. ही गाडी एस्कॉर्ट्स कंपनीची. मोठ्या राजदूत १७५ चं मूळ पोलंडच्या एसएचएल एम-११ मध्ये, आणि त्याच कुळातलं १७३ सीसीचं टू-स्ट्रोक, तीन गिअरचं इंजिन बॉबीत बसवलेलं. मोठी राजदूत एकेकाळी गावोगाव होती, त्यामुळे इंजिनाचं सामान आजही शोधलं तर मिळतं. दुर्मीळ आहे तो बॉबीचा पत्रा: टाकी, मडगार्ड, आणि त्यासोबत सीट आणि लहान चाकं. म्हणजे जे सहज बदलता येतं ते आत लपलेलं, आणि जे बदलू नये ते उघड्यावर, वाऱ्यापावसात. आपल्या किनाऱ्यावर तर खाऱ्या वाऱ्यात.

आता रंगाकडे येतो, कारण सगळ्यात जास्त फसगत तिथेच होते.

त्या काळी कारखान्यात पत्र्यावर भट्टीत भाजलेला एनॅमल असायचा. गाडी एकदा पडली, घासली, की मग गॅरेजात जो रंग लागायचा तो वेगळा: नायट्रोसेल्युलोजचा लॅकर. आपले रंगारी अजूनही कुठल्याही गाडीच्या रंगकामाला ‘ड्युको’ म्हणतात. ड्युको हे मुळात ड्युपॉन्ट कंपनीच्या अशाच लॅकरचं नाव. विसाच्या दशकात अमेरिकेत जनरल मोटर्सने तो ओकलँड गाड्यांवर वापरला आणि लवकर सुकणारा रंग जगभर पसरला. म्हणजे आपल्याकडच्या ‘जुन्या ड्युको’ला जुनेपण आहे, पण तो बहुतेक वेळा दुसरा हात असतो, कारखान्याचा नव्हे. आणि आज शेडमध्ये लागतो तो हार्डनर मिसळायचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग, वर क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर. लाल टाकीवर हाच होता. छटा अचूक होती, पण पाण्याखाली बघितल्यासारखी जी खोली त्या लालमध्ये दिसत होती ती क्लिअर कोटची. भाजलेल्या एनॅमलची चमक पृष्ठभागावरच थांबते, तिला खाली तळ नसतो. दोन्ही प्रकार एकदा शेजारी ठेवून पाहिले की डोळा हा फरक पुन्हा विसरत नाही.

ओळखायचं कसं? सर्वात सोपी चाचणी थिनरची. टाकीच्या खालच्या, न दिसणाऱ्या जागी पांढऱ्या सुती कापडाला थोडं एनसी थिनर (नायट्रोसेल्युलोज लॅकरचं पातळक) लावून हलकं पुसायचं. लॅकर असेल तर रंग लगेच विरघळून कापडावर येतो. नीट भाजलेला एनॅमल आणि पीयू सहज सुटत नाहीत. दुसरी चाचणी मला जास्त आवडते. नाण्याएवढ्या जागेवर हजार नंबरच्या वॉटर पेपरने पाणी लावून मधोमध जास्त, कडेला कमी असं गोल घासत गेलं की झाडाच्या खोडासारखी वर्तुळं उघडतात. सर्वात बाहेर शेवटचा हात, मग त्याआधीचा, मग प्रायमर, मध्यभागी पत्रा. गाडी किती वेळा रंगली हे त्या एका टिकलीत वाचता येतं. माझ्या टाकीवर बॅजच्या खाली ही टिकली काढली तेव्हा निळ्याखाली पांढुरका प्रायमर नव्हताच. थेट लाल निघाला, पातळ आणि कडक. त्याखाली मात्र प्रायमरचा सलग थर होता.

इथे एक सावधगिरी. झाकलेल्या जागेचा रंग म्हणजे खरी छटा, हे आपण गृहीत धरतो. लालच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी खरं आहे, कारण लाल उन्हात विटतो आणि बॅजखाली टिकतो. पांढऱ्याचं उलट होऊ शकतं. तेलाच्या अल्किड एनॅमलचा पांढरा अंधारात पिवळा पडतो, उन्हात उलट पांढराच राहतो. त्यामुळे झाकणाखालचा हस्तिदंती रंग पाहून ‘कंपनीने क्रीम दिला होता’ असं ठरवणारे लोक मी पाहिलेत. त्यांनी मग सगळी गाडी क्रीम केली.

निळ्याची गोष्ट अशी. ती गाडी माझ्या मामाची. मामा मालवणला होडीवर असायचा. ऐंशीच्या दशकात कधीतरी समुद्राच्या वाऱ्याने टाकी सुरकुतली, तेव्हा त्याने होडी रंगवून उरलेला निळा ऑइल पेंट ब्रशने टाकीवर मारला. ब्रशचे केस अजून त्या रंगात अडकलेले आहेत, तिरकं बघितलं की दिसतात. हा रंग कारखान्याचा नाही, म्हणून मूळचा नाही. त्या मॉडेलला असा निळा शोभतो म्हणून दिलेला नाही, म्हणून काळाला धरूनही नाही. पण चाळीसेक वर्षं ती गाडी किनाऱ्यावर निळीच ओळखली गेली. मामीला मी म्हटलं, टाकी उतरवून पुन्हा लाल करतो. ती अंगणात सोलं वाळत घालत होती. मान वर न करता म्हणाली, “टाकीक हात लावू नको हां. बाकी काय करूचा ता कर.”

मला त्या क्षणी ते केवळ माया म्हणून वाटलं. पुढे पटत गेलं की त्यात शास्त्रही आहे. रंग काढायला टाकी कॉस्टिक सोड्यात बुडवली असती तर निळा गेला असता आणि निळ्याखालचा कारखान्याचा लालही. होडीच्या त्या रंगानेच खालचा मूळ लाल इतकी वर्षं झाकून ठेवला होता.

कोकणात मूळचं जपणं हे घाटावरच्यापेक्षा अवघड का, हेही समजून घ्यायला हवं. हवेतून येणारं मीठ पत्र्यावर बसतं. साध्या मिठाला सुमारे ७५ टक्के आर्द्रतेला पाणी सुटतं, आणि समुद्राच्या मिठातला मॅग्नेशियमचा भाग तर त्याहून कितीतरी कमी आर्द्रतेतही ओल धरून ठेवतो. आपल्याकडे पावसाळ्याचे चार महिने हवा त्या मर्यादेच्या वरच असते. म्हणजे गाडी पडवीत कोरडी उभी दिसते, पण तिच्या अंगावर खाऱ्या पाण्याचा पातळ पापुद्रा कायम असतो. रंगाला बारीक चीर पडली की तिथून गंज आत शिरतो आणि वरचा रंग शाबूत ठेवून खाली पसरतो. म्हणून मूळच्या रंगाची पहिली सेवा म्हणजे पॉलिश नव्हे, गोडं पाणी. दर पंधरवड्याला साध्या पाण्याने मीठ धुवायचं, पूर्ण सुकू द्यायचं, मग मेणाचा हात. कंपाउंड, म्हणजे रंग घासणारी पेस्ट, मारून चमक आणायचा मोह टाळायचा, कारण जुन्या पातळ एनॅमलवर कंपाउंड दोन-तीनदा फिरलं की कडांना प्रायमर उघडा पडतो. गंजाच्या ठिपक्यांवर मी टॅनिक आम्लाचा हात देतो. ते लोहाशी जुळून निळसर काळा थर बनवतं. हिरडा आणि लोखंड मिळून काळी शाई व्हायची, तीच ही क्रिया.

नवा रंग द्यायचा असेल तर ऋतू बघावा लागतो. दमट हवेत लॅकर मारला की थिनर उडताना पत्रा गार होतो, हवेतली वाफ त्यावर जमते आणि रंगावर पांढरट धुकं धरतं. आणि मे महिन्यात जांभ्याची लाल धूळ ओल्या रंगावर बसते. म्हणून आमच्याकडचे चांगले रंगारी जुन्या गाडीचं काम दिवाळी ते होळीच्या मधेच घेतात. पीयू मारणार असाल तर साधा रुमाल तोंडाला बांधून भागत नाही. हार्डनरमधलं आयसोसायनेट फुप्फुसाला कायमचं दुखवू शकतं. बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मास्क पाहिजे. ही गोष्ट मी प्रत्येक शेडमध्ये सांगतो, ऐकणारे थोडे असले तरी.

सुट्या भागांतही तीच दोन नावं गोंधळतात. एक असतो गाडीबरोबर आलेला भाग. दुसरा असतो त्या काळी बनलेला पण दुकानातच पडून राहिलेला, पुडक्यातला कोरा भाग. तो त्या काळचा खरा, पण या गाडीचा नव्हे. तिसरा, आज बनवलेली नक्कल. पुडक्यातल्या कोऱ्या भागाची लोकांना फार ओढ असते. धातूचा असेल तर योग्यच. रबराचा असेल तर जपून. पन्नास वर्षं पडून राहिलेला टायर नवा दिसतो, पण रबर कडक झालेलं असतं आणि चालत्या गाडीवर ते जिवावर बेतू शकतं. २००० सालापासूनच्या टायरवर आठवडा आणि वर्ष सांगणारे चार आकडे असतात. तीनच आकडे दिसले तर तो टायर त्याआधीचा, तो प्रदर्शनापुरता ठेवावा.

बोल्टांबद्दल मात्र आग्रहाने सांगतो. किनाऱ्यावर गंज नको म्हणून सगळीकडे स्टेनलेसचे अॅलन बोल्ट बसवायची पद्धत पडली आहे. एक तर ते त्या काळचे नाहीत, दुरून ओळखू येतात. त्यात अॅल्युमिनियमच्या इंजिन केसिंगमध्ये स्टेनलेस आणि वर खारट ओल, हे विजेच्या सेलसारखं वागतं आणि झिजतं ते अॅल्युमिनियम. आट्यांत पांढरी पूड साठते, दोन पावसाळ्यांनी बोल्ट सुटता सुटत नाही आणि जोर लावला तर आटे घेऊनच बाहेर येतो. झिंकचा मुलामा दिलेला साधा स्टीलचा बोल्ट काळाला धरून आहे आणि इथे शहाणपणाचाही आहे. त्याच्यावरचा झिंक आधी स्वतः झिजतो. वर्षातून एकदा ग्रीस लावून बसवावा, खराब झाला तर बदलावा.

क्रोमचं थोडक्यात. मूळच्या क्रोमवर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे असतील आणि पत्रा शाबूत असेल तर राहू द्या. नवीन क्रोमसाठी आधी जुना थर काढून खड्डे जाईपर्यंत पॉलिश करावं लागतं, आणि त्यात पातळ पत्रा आणखी पातळ होतो. काम द्यायचंच ठरलं तर क्रोमखालच्या निकेलच्या थराची चौकशी करा, कारण संरक्षण निकेल करतं. वरचा क्रोम मायक्रॉनच्या काही दशांशांइतकाच असतो.

या फरकाला आता कायद्यातही वजन आलं आहे. २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत जी दुरुस्ती झाली, तिच्यानुसार ५० वर्षांहून जुनी दुचाकी किंवा चारचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते, पण ती मूळ स्वरूपात असायला हवी आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा. अशा गाडीला ‘व्हीए’ मालिकेतला नंबर मिळतो. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. सत्तरच्या दशकातल्या बॉबी एकेक करून या वयाला पोचत आहेत. तिथे काय बदललं आणि काय मूळचं, हे सांगता यायला हवं. जुनं आरसी बुक, चासी नंबर, इंजिन नंबर आणि काम सुरू करण्याआधीचे फोटो, हे सगळं एका फायलीत असलं म्हणजे बोलायला आधार राहतो. चासी नंबरच्या जागी चुकूनही ग्राइंडर किंवा जाड प्रायमर नको.

माझ्या गाडीचं पुढचं मडगार्ड वाचण्यासारखं नव्हतं, बोट आरपार जात होतं. दुसऱ्या एका मोडीत निघालेल्या बॉबीचं मडगार्ड मिळालं. ते कुठल्या रंगाचं करायचं यावर महिनाभर अडलो. निळं करून, वर घासून जुनाट दाखवता आलं असतं, आणि रंगारी ते सुंदर करतो. पण घासून जुना केलेला रंग मला सर्वात वाईट वाटतो, कारण तो न घडलेली वर्षं दाखवतो. शेवटी बॅजखालच्या टिकलीवरून लाल जुळवून घेतला, क्लिअर कोट न देता, आणि आतल्या बाजूला बारीक अक्षरांत रंग दिल्याचा महिना आणि वर्ष लिहिलं.

टाकी निळीच आहे. बॅजखालची ती लाल टिकली मी बुजवली नाही, फक्त मेण लावून बॅज पुन्हा बसवला आहे. मामी परवा गाडीजवळ आली, लाल मडगार्डाकडे थोडा वेळ बघत राहिली आणि मग पदराने टाकीवरची धूळ पुसली.