जामीन राहिलेला देश : आयर्लंडच्या कर्जाची पार्श्वभूमी

2007 च्या अखेरीस आयर्लंड सरकारवर सुमारे 47 अब्ज युरो कर्ज होतं. जीडीपीशी ताडून पाहिलं तर जेमतेम पाव हिस्सा. युरो वापरणाऱ्या देशांना तेव्हा 60 टक्क्यांची मर्यादा होती आणि खुद्द जर्मनीचं कर्ज तिच्या वर होतं. आयर्लंडचा अर्थसंकल्प मात्र सलग काही वर्षं शिलकी होता. पुढच्या पिढीच्या निवृत्तिवेतनासाठी देशाने 2001 मध्ये स्वतंत्र राखीव निधी उभारला होता आणि दरवर्षी राष्ट्रीय उत्पन्नाच्या एक टक्का रक्कम त्यात न चुकता टाकली जात होती. अंथरूण पाहून पाय पसरणारं सरकार म्हणतात, ते हेच.

सहा वर्षांनी, 2013 मध्ये, हेच कर्ज 215 अब्ज युरोंवर गेलं होतं, म्हणजे जीडीपीच्या 120 टक्क्यांच्या आसपास.

मधली गोष्ट सांगताना आयर्लंडला ग्रीसच्या शेजारी बसवायची सवय अनेकांना लागली आहे. 'सरकारांनी वारेमाप खर्च केला, अंगाशी आलं' अशी एका वाक्यात बोळवण होते. आयर्लंडच्या बाबतीत हे खरं नाही. तिथे कर्ज आधी बँकांचं होतं, ते नंतर सरकारचं झालं. कोणत्या रात्री झालं, तेही सांगता येतं.

त्याआधीची दहा वर्षं पाहायला हवीत. 1990 च्या दशकात आयर्लंड खरोखरच पुढे आला. कमी कंपनी कर, इंग्रजी बोलणारे शिकलेले तरुण, अमेरिकी संगणक आणि औषध कंपन्यांचे कारखाने. ही भरभराट कष्टाची होती. 1999 मध्ये युरो आला आणि त्याबरोबर जर्मनीला शोभेल असा स्वस्त व्याजदरही आला. तिथून गाडी रुळावरून घसरू लागली. आयरिश बँकांनी परदेशातल्या बँकांकडून आणि रोखेबाजारातून (म्हणजे व्याजाच्या बोलीवर कर्जाचे कागद विकून) पैसा उचलून तो जमीन आणि बांधकामात ओतला. 2003 मध्ये बँकांची परदेशातली निव्वळ उचल जीडीपीच्या दहा टक्क्यांच्या घरात होती, ती 2008 च्या सुरुवातीला साठ टक्क्यांवर पोहोचली. जेमतेम 42 लाख वस्तीच्या देशात 2006 या एका वर्षात जवळपास 90 हजार घरं बांधून झाली.

या सगळ्यात आघाडीवर होती अँग्लो आयरिश बँक. शॉन फिट्झपॅट्रिक यांनी एका लहानशा बँकेपासून ती वाढवली. गल्लोगल्ली शाखा नाहीत, सामान्य खातेदार फारसे नाहीत. मूठभर बिल्डरांना मोठाली कर्जं द्यायची आणि झटपट द्यायची, हा तिचा धंदा. तिचा नफा बघून एआयबी आणि बँक ऑफ आयर्लंड या जुन्या, सावध बँकाही त्याच वाटेने गेल्या. बँकांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी नियामकाचं धोरण होतं हलक्या हाताचं. बँक चालवणं हे संचालकांचं काम, बाजार त्यांना शिस्त लावेल, आपण कागदपत्रं नीट आहेत एवढं पाहावं, ही त्या काळची सर्वमान्य समजूत होती. सरकारलाही घाई नव्हती, कारण घरांच्या खरेदीवरचं मुद्रांक शुल्क, भांडवली नफ्यावरचा कर आणि बांधकामावरचा व्हॅट यांनी तिजोरी भरत होती. अर्थसंकल्पातली शिलकही काही अंशी याच फुगवट्याची होती, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं.

2007 मध्ये घरांच्या किमती उतरू लागल्या. 17 मार्च 2008 ला, सेंट पॅट्रिकच्या सणाच्या दिवशी, अँग्लोचा शेअर कोसळला. 15 सप्टेंबरला न्यूयॉर्कमध्ये लेहमन ब्रदर्स बुडाली आणि बँकांनी एकमेकींना उसने पैसे देणं थांबवलं. आयर्लंडमध्ये रेडिओवर लोक फोन करून विचारू लागले की पैसे बँकेतून काढून पोस्टात टाकावेत का. 20 सप्टेंबरला सरकारने ठेवींची हमी 20 हजार युरोंवरून एक लाख युरोंवर नेली.

ही तारीख लक्षात ठेवावी. सामान्य ठेवीदाराच्या आयुष्याची पुंजी 20 सप्टेंबरलाच सुरक्षित झाली होती. नऊ दिवसांनी जे घडलं ते त्याच्यासाठी नव्हतं.

सोमवार, 29 सप्टेंबर 2008. त्या दिवशी वॉशिंग्टनमध्ये प्रतिनिधिगृहाने 700 अब्ज डॉलरची बँक बचाव योजना फेटाळली आणि तिथल्या शेअर बाजाराचा डाऊ जोन्स निर्देशांक 777 अंकांनी पडला. डब्लिनमध्ये अँग्लोच्या शेअरची जवळपास निम्मी किंमत एका दिवसात गेली. बँकेकडे दुसऱ्या दिवशी दारं उघडण्याइतकी रोकड उरणार नव्हती. रात्री सरकारी कचेरीत पंतप्रधान ब्रायन कॉवेन, अर्थमंत्री ब्रायन लेनिहन, मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर, नियामक आणि सल्लागार बसले होते. एआयबी आणि बँक ऑफ आयर्लंडचे प्रमुख आपलं म्हणणं मांडायला आले होते. मंत्रिमंडळाची प्रत्यक्ष बैठक झालीच नाही. मध्यरात्रीनंतर मंत्र्यांना झोपेतून उठवून फोनवर संमती घेतली गेली. मंगळवारी सकाळी बाजार उघडण्याआधी घोषणा झाली : सहा बँकांच्या जवळजवळ सगळ्या देण्यांची दोन वर्षांसाठी सरकारी हमी. ठेवींची, बँकांनी एकमेकींकडून घेतलेल्या पैशांची, बाजारात विकलेल्या रोख्यांची, एवढंच काय, बँक बुडाल्यास ज्यांचे पैसे सगळ्यांत शेवटी मिळतात अशा काही दुय्यम रोख्यांचीही. एकूण बोजा सुमारे 440 अब्ज युरो. देशाचं वर्षाचं उत्पन्न त्याच्या निम्म्याहूनही कमी होतं.

पतपेढीच्या कर्जाला जामीन राहताना सही करणाऱ्याला नेहमी एकच सांगितलं जातं : 'नुसती सही आहे हो, तुम्हाला काही भरावं लागणार नाही.' त्या रात्री आयर्लंड सरकारने अशीच सही केली. बँकांकडे फक्त रोकड कमी आहे, मालमत्ता भक्कम आहे, असं त्यांना सांगितलं गेलं आणि त्यांनी ते मानलं. लेनिहन यांनी काही आठवड्यांनी या हमीला जगातला आत्तापर्यंतचा सर्वांत स्वस्त बेलआउट म्हटलं. त्यांच्या हेतूवर मला शंका नाही. ते मुळात वकील, अर्थखात्यात येऊन पाच महिनेसुद्धा झाले नव्हते, आणि पुढे कर्करोगाशी झगडत त्यांनी हा गाडा ओढला. पण रोकड नसणं आणि दिवाळं निघणं यांतला फरक ओळखण्याची हीच वेळ होती, आणि तो कुणी ओळखला नाही.

रोख्यांचा मुद्दा इथे महत्त्वाचा आहे. ठेवीदार बँकेत पैसे ठेवतो तो विश्वासाने. रोखेधारकाची गोष्ट वेगळी. तो जाणता गुंतवणूकदार असतो, जास्त व्याजासाठी जोखीम घेतो, आणि त्या जोखमीचीच किंमत त्याला व्याजातून मिळते. धंदा बुडाला तर त्याचे पैसे बुडावेत, हाच खुल्या बाजाराचा नियम. अँग्लो तेजीत होती तेव्हा हा नियम सगळ्यांना मान्य होता आणि नफा खासगी होता. तोटा समोर आला त्या रात्री नियम बाजूला ठेवला गेला. जी जोखीम युरोपातल्या बँकांनी आणि फंडांनी पैसे मोजून घेतली होती, तिचा बोजा कॉर्कच्या शिक्षिकेच्या आणि गॉलवेच्या बसचालकाच्या सातबारावर चढला. त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

पहिली झळ पोहोचायला दोनच आठवडे लागले. 14 ऑक्टोबरच्या तातडीच्या अर्थसंकल्पात सत्तरीपुढच्या सगळ्यांना मिळणारं मोफत उपचारांचं कार्ड काढून घेण्याचा प्रस्ताव आला. हजारो म्हातारी माणसं, कुणी काठी टेकत तर कुणी व्हीलचेअरवर, संसदेसमोर जमली. सरकारला मोठ्या प्रमाणात माघार घ्यावी लागली. पण कुणाकडून वसुली होणार, याचा अंदाज तेव्हाच आला.

जानेवारी 2009 मध्ये अँग्लो सरकारच्या मालकीची झाली. मग एकेक कपाट उघडत गेलं. आपलाच शेअर सावरण्यासाठी बँकेने दहा बड्या ग्राहकांना आपलेच शेअर घ्यायला कर्ज दिलं होतं. ताळेबंदात ठेवी फुगवून दाखवण्यासाठी 7.2 अब्ज युरो दुसऱ्या संस्थेमार्फत गोल फिरवून परत आणले होते. या प्रकरणात बँकेचे माजी मुख्याधिकारी डेव्हिड ड्रम यांना 2018 मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली. बिल्डरांची बुडीत कर्जं उचलायला सरकारने 'नामा' ही संस्था काढली. तिने कागदोपत्री 74 अब्ज युरोंची कर्जं साधारण 32 अब्जांना घेतली. कर्जं देताना तारण म्हणून काय धरलं होतं, हे या दोन आकड्यांतल्या अंतरावरून समजावं.

30 सप्टेंबर 2010 ला, हमी दिल्याला बरोबर दोन वर्षं झाली त्या दिवशी, सरकारने हिशेब जाहीर केला. एकट्या अँग्लोला 29.3 अब्ज युरो, आणखी वाईट झालं तर 34 अब्ज. त्या वर्षीची तूट जीडीपीच्या 32 टक्के. शांततेच्या काळात युरोपात असा आकडा कुणी पाहिला नव्हता. आयर्लंडला बाजारातून कर्ज मिळणं अवघड झालं. बँका युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या आधारावर तग धरून होत्या, आणि तो आधार काढून घेण्याची भाषा सुरू झाली.

18 नोव्हेंबरच्या सकाळी मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर पॅट्रिक होनोहन यांनी फ्रँकफर्टहून आयरिश रेडिओला फोन केला आणि देशाला अब्जावधींचं कर्ज घ्यावं लागेल, हे सांगून टाकलं. मंत्री तोवर इन्कारच करत होते. त्याच दिवशी आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या पथकाचे भारतीय वंशाचे प्रमुख अजय चोप्रा डब्लिनच्या रस्त्यावरून भीक मागणाऱ्या माणसाजवळून चालत जात असल्याचा फोटो निघाला, आणि तो त्या दिवसांची खूण बनला. दुसऱ्या दिवशी युरोपीय मध्यवर्ती बँकेचे अध्यक्ष जाँ-क्लोद त्रिशे यांनी लेनिहन यांना पत्र धाडलं : मदतीचा अर्ज करा, अटी मान्य करा, नाहीतर तातडीची रोकड बंद. हे पत्र चार वर्षं लोकांपासून लपून राहिलं.

85 अब्ज युरोंची मदत योजना ठरली. त्यातले 17.5 अब्ज आयर्लंडने स्वतःचेच घालायचे होते, मुख्यतः त्याच निवृत्तिवेतनाच्या राखीव निधीतून. म्हातारपणासाठी बाजूला ठेवलेली पुंजी बँकांच्या खड्ड्यात गेली, हा मला या साऱ्या इतिहासातला सर्वांत जिव्हारी लागणारा भाग वाटतो. मोठ्या रोखेधारकांना तोटा सोसायला लावावा, असा विचार नाणेनिधीच्या पथकात झाला होता. युरोपातून त्याला नकार आला. एका देशाने असं केलं तर सगळ्या युरोपच्या बँकांवरचा विश्वास उडेल, असा युक्तिवाद होता. तो पूर्ण खोटा नव्हता. पण मग त्या विश्वासाची किंमत सगळ्या युरोपने वाटून घ्यायला हवी होती.

याच सुमाराला आइसलँड वेगळ्या वाटेने गेला. त्याच्या बँका देशाच्या उत्पन्नाच्या कितीतरी पट मोठ्या होत्या. वाचवायचं म्हटलं तरी वाचवता आल्या नसत्या. त्याने बँका बुडू दिल्या, देशातल्या ठेवी सांभाळल्या आणि परदेशी धनकोंना रांगेत उभं केलं. स्वतःचं चलन असल्याने त्याला ते जमलं, पण क्रोना कोसळला, महागाई भडकली आणि परदेशी पैसे नेण्या-आणण्यावरचे निर्बंध 2017 पर्यंत टिकले. युरोत बांधलेल्या आयर्लंडला ती वाट जशीच्या तशी मोकळी नव्हती. तरी ठेवीदार एका रांगेत आणि रोखेधारक दुसऱ्या रांगेत, एवढी विभागणी त्या रात्रीही करता आली असती.

फेब्रुवारी 2011 च्या निवडणुकीत कॉवेन यांच्या फिआना फॉल पक्षाच्या जागा 77 वरून 20 वर आल्या. फिने गेल पक्षाचा एक तरुण नेता प्रचारात सांगत होता की यापुढे बँकांना फुटकी कवडीही मिळणार नाही. त्यांचं नाव लिओ वराडकर. वडील डॉक्टर, मूळ घराणं मालवण तालुक्यातल्या वराडचं. नवे पंतप्रधान एन्डा केनी यांच्या सरकारात ते वाहतूकमंत्री झाले, आणि मार्चअखेर बँकांच्या तपासणीत आणखी 24 अब्ज युरो लागतील असं निघालं. त्यातले बरेचसे सरकारला द्यावे लागले. 2017 मध्ये वराडकर पंतप्रधान झाले तेव्हा कोकणात पेढे वाटले गेले, ते योग्यच होतं. पण ज्या मंत्रिमंडळात वराडकर घडले, त्याने दुसऱ्याचं कर्ज फेडण्यातच आपली वर्षं घालवली, हेही आपल्याला ठाऊक असावं.

त्याच मार्चमध्ये कॉर्क परगण्यातल्या बॅलीहे नावाच्या खेड्यात रविवारच्या प्रार्थनेनंतर काही गावकरी फलक घेऊन हमरस्त्यावर चालले. पुढच्या रविवारी पुन्हा, आणि त्याच्या पुढच्याही. घोषणा एकच : रोखेधारकांचं देणं आमचं नाही. पावसात, थंडीत, कधी मूठभर माणसांनिशी हा मोर्चा वर्षानुवर्षं चालला. तोवर बेरोजगारी 15 टक्क्यांवर गेली होती, सरकारी पगार कापले गेले होते, घरांच्या किमती निम्म्यावर आल्या होत्या, तरुण ऑस्ट्रेलिया आणि कॅनडाची विमानं पकडत होते.

अँग्लोच्या तोट्यासाठी सरकारने रोख पैशांऐवजी वचनचिठ्ठ्या लिहून दिल्या होत्या. दर 31 मार्चला 3.06 अब्ज युरोंचा हप्ता, तोही बंद पडलेल्या बँकेसाठी. 6 फेब्रुवारी 2013 च्या रात्री संसद जागी राहिली, अँग्लोचे अवशेष अवसायनात काढण्याचा, म्हणजे मोडीत काढून मालमत्ता विकण्याचा, कायदा पहाटेपर्यंत मंजूर झाला आणि त्यावर सही करायला राष्ट्रपती इटलीचा दौरा अर्धवट टाकून परतले. चिठ्ठ्यांच्या जागी 2038 ते 2053 दरम्यान फेडायचे दीर्घ मुदतीचे रोखे आले. ओझं हलकं झालं, पण कर्ज नाहीसं झालं नाही. डिसेंबर 2013 मध्ये आयर्लंड मदत योजनेतून बाहेर पडला.

बँकांवर एकूण 64 अब्ज युरो गेले. उरलेलं बरंचसं कर्ज तुटीचं होतं, आणि ती तूट बांधकामाच्या करांवर उभी असलेली तिजोरी रिकामी झाल्यामुळे आली होती, म्हणजे मूळ तेच. बँक ऑफ आयर्लंडमधून सरकारने घातलेल्यापेक्षा जास्त पैसे परत मिळवले. एआयबीतला शेवटचा हिस्सा 2025 च्या जूनमध्ये विकला गेला आणि तिथेही बहुतेक रक्कम वसूल झाली. अँग्लोत गेलेल्या पैशांतून सरकारच्या हाती फारच थोडं परत आलं.

लिफी नदीच्या उत्तर धक्क्यावर अँग्लोने आपलं नवं मुख्यालय बांधायला घेतलं होतं. काम 2009 मध्ये थांबलं. काँक्रीटचा आठ मजली सांगाडा, ना खिडक्या ना भिंती, नदीकाठी तसाच उभा होता, आणि कामावर जाणारे लोक रोज त्याच्यासमोरून जात. पुढे तो मध्यवर्ती बँकेने विकत घेतला आणि पुरा केला. 2017 पासून देशातल्या बँकांवर देखरेख ठेवणारे अधिकारी त्याच इमारतीत बसतात.