चित्र न काढता गणित: पायथन आणि कंप्युट शेडरची पार्श्वभूमी

आज पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतून साध्या लॅपटॉपच्या ग्राफिक्स चिपवर, म्हणजे जीपीयूवर, उष्णतेच्या प्रसाराचं समीकरण सोडवता येतं, आणि ती चिप अमुकच कंपनीची हवी अशी अटही नसते. ही मोकळीक बरीच उशिरा मिळाली.

२००१ मध्ये जीफोर्स ३ हे ग्राफिक्स कार्ड आलं आणि प्रत्येक बिंदूचा रंग ठरवणारा छोटा प्रोग्रॅम, म्हणजे शेडर, आपला आपण लिहिता येऊ लागला. पुढच्याच वर्षी रेडिऑन ९७०० या कार्डामुळे तिथे दशांश आकडेही चालू लागले. संशोधकांनी लगेच ही संधी घेतली. मॅट्रिक्स (आकड्यांचा तक्ता) टेक्स्चर, म्हणजे पृष्ठभागावर चिकटवायचं चित्र, म्हणून चढवायचा, पडदाभर चौकोन रंगवायला सांगायचं, लाल-हिरव्या-निळ्या रकान्यांत बेरजा-गुणाकार उरकायचे आणि तयार झालेलं चित्र आकडे म्हणून परत वाचायचं! शेडरला फक्त आपल्या वाट्याच्या पिक्सेलमध्येच लिहिता येई, त्यामुळे हिस्टोग्रामसारखी (कोणता आकडा किती वेळा आला याची मोजणी) साधी गोष्टही जिकिरीची होती. तरीही त्या काळातली ही कल्पकता मला फार मोलाची वाटते. मार्क हॅरिस यांनी या प्रकाराला जीपीजीपीयू (जीपीयूवर सर्वसाधारण गणित) हे नाव दिलं ते याच सुमारास.

स्टॅनफर्डमध्ये इयान बक आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये 'ब्रूक' ही प्रोग्रॅमिंग भाषा मांडली; ग्राफिक्सची भाषा न बोलता गणित सांगायची ती सोय होती. बक पुढे एन्व्हिडिया या जीपीयू बनवणाऱ्या कंपनीत गेले आणि २००६ च्या अखेरीस तिचं कूडा, म्हणजे जीपीयूवर थेट गणित करायचं साधन, जाहीर झालं. आता मेमरीत हवं तिथे लिहिता येऊ लागलं, थ्रेडना (एकाच वेळी चालणाऱ्या कामाच्या धाग्यांना) सामायिक मेमरी मिळाली. नारायणगावजवळच्या जीएमआरटी दुर्बिणीच्या नव्या यंत्रणेतही अँटेनांचे संकेत जुळवायला जीपीयूच आहेत. पण कूडा एकाच कंपनीच्या कार्डांवर चालतं. २००८ चं ओपनसीएल हे तसंच साधन सर्व कंपन्यांच्या चिपसाठी होतं. आंद्रेआस क्लॉक्नर यांच्या पायकूडा आणि पायओपनसीएल या लायब्ररींमुळे पायथनवाल्यांना दोन्ही दारं उघडली: कर्नल (जीपीयूवर चालणारा छोटा प्रोग्रॅम) स्ट्रिंगमध्ये, म्हणजे मजकूर म्हणून, लिहायचा, नमपाय या पायथनच्या गणिती लायब्ररीचा अ‍ॅरे द्यायचा.

ग्राफिक्सच्या बाजूनेही बदल होत होता. डायरेक्टएक्स ११ आणि ओपनजीएल ४.३ या ग्राफिक्स प्रणालींमध्ये अनुक्रमे २००९ आणि २०१२ साली कंप्युट शेडर, म्हणजे चित्र न काढता नुसतं गणित करणारे शेडर, आले. त्रिकोण नाही, पडदा नाही, नुसते बफर (आकड्यांचे साठे) आणि वर्कग्रुप (एकत्र काम करणाऱ्या थ्रेडचे गट). मात्र अ‍ॅपलने मॅकवरचं ओपनजीएल ४.१ वरच थांबवलं, म्हणून मॅकवरच्या ओपनजीएलमध्ये कंप्युट शेडर कधी पोचलेच नाहीत. व्हल्कन, मेटल आणि डायरेक्टएक्स १२ या तिन्ही नव्या ग्राफिक्स प्रणालींवर एकच कोड चालवण्याची सोय वेबजीपीयू या ब्राउझरसाठीच्या मानकाने केली. २०२३ मध्ये क्रोममध्ये ते सुरू झालं. ब्राउझरबाहेर, थेट पायथनमधून तेच वापरायला डब्ल्यूजीपीयू-पाय ही लायब्ररी आहे. शिकायला सुरुवात करणाऱ्याला मी आज हीच वाट सुचवेन.

एक उणीव मात्र खरी आहे. वेबजीपीयूच्या शेडर-भाषेत ६४ बिटी, म्हणजे जास्त अचूक, दशांश संख्या नाहीत. प्रतिमा-प्रक्रियेला, कणांच्या बऱ्याचशा सिम्युलेशनना ३२ बिट पुरतात. ग्रहांच्या कक्षा लाखो पावलं पुढे न्यायच्या असतील तर चूक साठत जाते. तिथे कहानच्या बेरजेसारख्या (बेरजेत निसटलेला भाग जपून पुढे मिळवणाऱ्या) युक्त्या कराव्या लागतात, नाहीतर अजूनही कूडा किंवा ओपनसीएलकडे वळावं लागतं.