ट्रेचर कॉलिन्स सिंड्रोम: मुलाचं दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड कसं काढायचं

ट्रेचर कॉलिन्स सिंड्रोम साधारण 50,000 जन्मांमागे एका बाळात दिसतो. गालाची हाडं आणि खालचा जबडा पुरेसा वाढत नाही, डोळ्यांचे बाहेरचे कोपरे खाली झुकतात, कान फार लहान असतात किंवा कानाचा मार्गच बंद असतो. बुद्धी सहसा इतर मुलांसारखीच असते. तरी चेहरा बघून लोक मुलाला मंद समजतात, म्हणून कागदपत्रं लवकर आणि नीट करून ठेवलेली बरी.

बरेच पालक रुग्णालयात जाऊन सिंड्रोमचं प्रमाणपत्र मागतात. तसं प्रमाणपत्र मिळत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 मध्ये दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत. ॲसिड हल्ल्यातले पीडित त्यात आहेत, पण चेहऱ्याची जन्मजात वेगळी ठेवण नाही. मला हे अन्यायाचं वाटतं. पण आज अर्ज करायचा तो श्रवणदोषाखाली. दोन्ही कानांची ऐकण्याची घट 60 ते 70 डेसिबल असेल तर मूल ‘कमी ऐकू येणारं’ धरतात, 70 किंवा जास्त असेल तर कर्णबधिर. नजरही अधू असेल तर तो प्रकारही अर्जात नोंदवा.

प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र, यांचा अर्ज सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन भरायचा. मुलाचा आधार, पत्त्याचा पुरावा, पासपोर्ट आकाराचा फोटो आणि आधीचे तपासणी अहवाल स्कॅन करून ठेवा. पाच वर्षांखालच्या बाळाचं बाल आधार बोटांच्या ठशांशिवाय निघतं. अर्जात रुग्णालय निवडायचं असतं. जिल्हा रुग्णालय निवडलं तर पुढचे हेलपाटे कमी होतात. नोंदणी क्रमांकाची पावती छापून जवळ ठेवा.

खरी अडचण येते ती श्रवण तपासणीत. नेहमीचा हेडफोन लहानशा कानावर नीट बसत नाही, आणि कानाचा मार्ग बंद असेल तर त्यातून आवाज आत पोचायला वाटच नसते. अशा वेळी कानामागच्या हाडावर छोटं कंपन यंत्र टेकवून हाडामार्फतही ऐकणं मोजतात. हवेतून आणि हाडातून, दोन्ही आलेख घ्यायला सांगा. या मुलांचा दोष बहुधा बाहेरच्या आणि मधल्या कानात असतो, आतला कान चांगला असतो. दोन्ही आलेख शेजारी ठेवले की ते स्पष्ट दिसतं, आणि हाडातून ऐकवणारं यंत्र का हवं हेही त्याच कागदावरून सांगता येतं.

तान्ह्या मुलांची बेरा तपासणी, म्हणजे आवाजाला कानाची नस आणि मेंदू कसा प्रतिसाद देतात ते मोजणारी तपासणी, झोपेत होते. इथे एक गोष्ट अगदी कळकळीने सांगते: झोपेचं औषध देण्याआधी जबडा लहान आहे आणि श्वासाचा मार्ग अरुंद असू शकतो, हे स्वतःहून आणि स्पष्ट शब्दांत सांगा. शक्यतो बाळाला दूध पाजून नैसर्गिक झोपेतच तपासणी करून घ्या. औषध द्यावंच लागलं तर भूलतज्ज्ञ हजर असल्याशिवाय होकार देऊ नका.

जिल्हा रुग्णालयाच्या बाल तपासणी केंद्रात, म्हणजे डीईआयसीत, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी मोफत होते. सुरुवात तिथून करणं सोपं जातं.

दिव्यांगत्वाची टक्केवारी वैद्यकीय मंडळ ठरवतं. 40 टक्क्यांखाली पांढरं यूडीआयडी कार्ड, 40 ते 80 मध्ये पिवळं, 80 आणि पुढे निळं. शिक्षणातलं आणि नोकरीतलं आरक्षण, एसटीच्या भाड्यात 75 टक्के सूट, अशा बहुतेक सवलतींना 40 टक्के लागतात. सुधारणा होण्यासारखी असेल तर मंडळ तात्पुरतं प्रमाणपत्र देतं. त्यावरची मुदत संपायच्या आधी नूतनीकरणाचा अर्ज करा. टक्के कमी दिल्याचं वाटलं तर कायद्याच्या कलम 59 प्रमाणे राज्याच्या अपील प्राधिकरणाकडे दाद मागता येते. तिथे तेच दोन आलेख उपयोगी पडतात.

जबड्याच्या शस्त्रक्रियेनंतर चेहरा बदलला तर आधारमधला फोटो अद्ययावत करून घ्या. पुढे बँकेच्या केवायसीत कॅमेऱ्याने चेहरा ओळखला नाही, तर सर्वोच्च न्यायालयाच्या 30 एप्रिल 2025 च्या निकालाचा हवाला द्या. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्यांच्या आणि एका अंध याचिकाकर्त्याच्या याचिकांवर आलेल्या या निकालात डिजिटल केवायसी दिव्यांगांना वापरता येईल अशी करण्याचे निर्देश आहेत. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या.