राणीछाप रुपया साताऱ्याच्या घरांत कसा टिकला

साताऱ्यात जुनी ब्रिटिश नाणी जमवणाऱ्याला फार लांब जावं लागत नाही. देवघरातला डबा, आजीच्या गळ्यातली रुपयांची माळ, सराफाकडे मोडीत आलेला ऐवज यांतून राणीछाप रुपया, म्हणजे व्हिक्टोरिया राणीचा मुखवटा असलेला चांदीचा रुपया, आजही निघतो. तो कोणत्या सालचा निघतो आणि कोणत्या सालचा निघत नाही, याचं उत्तर चांदीच्या इतिहासात आहे. माझ्या लेखी या छंदाची खरी गोडी तीच, किंमत नंतर.

कंपनी सरकारने 1835 साली सगळ्या मुलखासाठी एकच रुपया ठरवला. त्याआधी दख्खनच्या बाजारात अंकुशी, चांदवडी असे कितीतरी रुपये चालत आणि कोणावर किती बट्टा घ्यायचा हे सराफ ठरवत. नव्या रुपयाचं वजन 180 ग्रेन, म्हणजे 11.66 ग्रॅम; त्यात चांदी 91.66 टक्के. आधी चौथ्या विल्यमचा मुखवटा, 1840 पासून व्हिक्टोरियाचा. 1848 मध्ये छत्रपती शहाजी ऊर्फ आप्पासाहेब वारले, गव्हर्नर जनरल डलहौसीने त्यांचा दत्तक नामंजूर केला आणि सातारचं राज्य खालसा झालं. सरकारी कारभार कंपनीच्या रुपयात आला, पण मराठ्यांचं तांब्याचं नाणं, शिवराई, खेड्यांतून लगेच गेलं नाही. म्हणून आपल्याकडच्या जुन्या डब्यांत ‘श्री राजा शिव’ कोरलेली शिवराई आणि ‘ईस्ट इंडिया कंपनी’ कोरलेला रुपया शेजारी शेजारी सापडतात. ही जोडी मला तरी दुर्मिळ रुपयाहून मोलाची वाटते.

रुपया बरोबर एक तोळ्याचा होता. ऐंशी रुपयांचा शेर भरे. पैसा, वजन आणि दागिना अशी तिन्ही कामं त्याने केली, त्यामुळे लोकांनी तो जपला.

पहिल्या महायुद्धात ही ओढ फार वाढली. सातारा जिल्ह्यातून सैन्यभरती मोठी झाली. अपशिंगे गावच्या 46 जवानांनी त्या युद्धात प्राण दिले, आजही ते गाव अपशिंगे मिलिटरी म्हणूनच ओळखलं जातं. मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, लढल्या आणि त्या मुलखातही भारतीय रुपयाच चलन झाला. इराकने स्वतःचा दिनार काढला तो 1932 साली. पगार, रसद, खरेदी या सगळ्याला रुपये लागत होते आणि घरी आलेला रुपया परत बाजारात जात नव्हता. चांदी इतकी आटली की 1917 मध्ये सरकारला एक रुपयाची कागदी नोट काढावी लागली. पुढच्या वर्षी अमेरिकेने कायदा करून आपले सुमारे 27 कोटी चांदीचे डॉलर वितळवले. त्यातली बहुतेक चांदी हिंदुस्थानसाठी होती. तेव्हा 1918 ते 1920 चा पंचम जॉर्जचा रुपया हाती आला, तर त्यात वितळलेला डॉलर असण्याची शक्यता मोठी. तो रुपया भरपूर सापडतो, पण मी तो कधी बाजूला टाकत नाही.

दुसऱ्या महायुद्धाने चांदीचा रुपया संपवला. 1940 मध्ये रुपयातली चांदी 50 टक्क्यांवर आली, 1941 ते 1943 दरम्यान जुने शुद्ध रुपये चलनातून बाद झाले, तांबं वाचवायला 1943 मध्ये भोकाचा पैसा आला आणि 1947 चा रुपया निकेलचा निघाला. 1 एप्रिल 1957 ला दशमान पद्धत आली. आणा, चवली, पावली यांचा हिशेब हळूहळू मोडीत निघाला.

साल वाचायलाही इतिहास लागतो. ‘1862’ कोरलेले रुपये टाकसाळ 1874 पर्यंत पाडत राहिली. मुंबईच्या नाण्यांवर बारीक ठिपके मोजून खरं वर्ष ठरवतात. 1911 च्या रुपयावर राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली, बरीचशी नाणी परत वितळवली गेली आणि 1912 मध्ये हत्तीची सोंड सुधारली.

आपल्याकडे लक्ष्मीपूजनाला नाणी रांगोळीने किंवा चिंचेने घासतात. त्यात हेच ठिपके झिजतात. माळेसाठी कडी डाखलेला रुपया संग्राहक कमी दरात मागतात, तरी ती कडी काढू नये; ते नाणं कोणाच्या तरी गळ्यात होतं, ही त्याच नाण्याची नोंद आहे.

आणि एक कळकळीची सूचना. 1818 साल, ‘हाफ आना’ आणि रामदरबार किंवा हनुमान असलेलं ‘कंपनीचं नाणं’ दाखवून, ते तांदूळ ओढतं असं सांगून लोकांना लुबाडलं जातं. कंपनीने असं चलनी नाणं पाडलेलंच नाही. ज्याच्याकडे ते विकायला येईल, त्याने एक पैसाही देऊ नये.